मळवलीचे बेशुद्ध जिताडे

घाट चढून मासे आणायला जाणारी आमच्या गावातली मी पहिलीच बाई असेन. खाडी घराच्या मागे, समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि मी जिताड्याची पिल्लं आणायला निघाले ती मावळात. एसटीत शेजारच्या बाईंनी विचारलं, "लोणावळ्याला फिरायला का?" मी खरं काय ते सांगितलं, तर त्यांनी पर्स जरा जवळ ओढून घेतली.

परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, तिकडे नेमकं झालं काय? मला स्वतःला सगळं उमजलंय अशातला भाग नाही. पण रोज तीच कथा सांगून माझा घसा बसलाय, म्हणून एकदाच लिहून काढते.

आमचं गाव पेणच्या खालच्या अंगाला. आमच्या बचतगटाने यंदा गावाबाहेरचं खारं तळं उपसून, बांध घालून तयार केलं. पूर्वी भरतीच्या पाण्याबरोबर जिताड्याची पिल्लं आपली आपण तळ्यात शिरायची. आता शिरत नाहीत. का, यावर गावात रोज वाद होतात आणि तळं रिकामं ते रिकामंच. तेव्हा गटाच्या बायका मला म्हणाल्या, तुमची भाची करते ना पिल्लं मोठी, आणा की तिच्याकडून.

भाची म्हणजे माझ्या बहिणीची वैशाली. लग्नाआधी किनाऱ्यावरच्या माशांची अंडी उबवून पिल्लं काढणाऱ्या एका हॅचरीत ती कामाला होती. तिथून तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लं आणायची आणि बोटभर झाली की तळेवाल्यांना द्यायची, हा धंदा तिने सासरी मळवलीत सुरू केला. आधीच्या दोन खेपा मेल्या होत्या, आमची तिसरी. माझा मुक्काम चार दिवसांचा होता. टेम्पो सोमवारी येणार होता.

मळवली

मळवलीला उतरले तर चहूकडे भात पिवळं झालेलं. काही खाचरांत कापणी चाललेली, काही खाचरांच्या जागी बंगले उभे. प्रत्येक बंगल्याला फाटक आणि प्रत्येक फाटकाला कुणीतरी गावातलं माणूस राखणीला. वैशालीच्या घराशेजारच्या बंगल्याच्या किल्ल्या तिच्या सासूबाईंच्या कनवटीला असतात. मालक मुंबईचा, येतो वर्षातून दोनदा. बाकी शनिवार-रविवार भाड्याने.

सासूबाईंचं नाव कोंडाबाई. माझ्या त्या विहीणबाईच. सडपातळ, काटक, गळ्यात तुळशीची माळ. मी पाया पडायला वाकले तर त्याच आधी वाकल्या आणि आमची डोकी आपटली. आमच्या भेटीचा श्रीगणेशा असा झाला.

मग मी मोठ्या कौतुकाने पिशवीतून डबा काढला. आमच्याकडे कुणाच्या घरी जाताना सुकटाची, म्हणजे सुक्या मासळीची चटणी नेतात, त्याहून चांगली भेट नाही. वैशालीचा चेहरा पडला. विहीणबाईंनी चिमट्याने डबा उचलला, हो, चुलीतला निखारा उचलतात तसा, आणि बाहेर पेरूच्या झाडाला पिशवीत घालून टांगून आल्या.

"माळकरी हाय आमी," त्या अगदी गोडीत म्हणाल्या. "जाताना घिऊन जावा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मग प्रश्न पडला, की माळकऱ्याच्या घराच्या मागे मासे कसे? वैशालीला बाजूला घेऊन विचारलं. सासूला ती आत्या म्हणते. ती म्हणाली, "जिवंत मासे आत्यांना चालतात गं. खाणं चालत नाही. उलट सकाळ-संध्याकाळ खाणं त्याच घालतात. सकाळी मला पोरीचा डबा असतो ना."

मागच्या पडवीत निळ्या ताडपत्रीच्या गोल टाक्या होत्या. पाण्यात बुडबुडे सोडणारे पंप गुरगुरत होते. कोपऱ्यात खडेमिठाच्या गोण्यांची थप्पी. मी गोणीवरचा छाप वाचला आणि हसायलाच लागले. मीठ आमच्याकडच्या मिठागरांतलं. आमचं मीठ घाट चढून वर येतं, गोड्या पाण्यात विरघळतं, त्यात आमचा मासा वाढतो आणि मग तो घाट उतरून खाली आम्हालाच विकतात. यातलं शहाणं कोण आणि खुळं कोण, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि पिल्लं! काय सांगू, गुटगुटीत. चंदेरी, भरलेल्या पोटाची, खाणं टाकलं की तुटून पडणारी. पंखांच्या कडा तेवढ्या लालसर वाटल्या. मी म्हटलं, "एवढी छान तर आहेत. सोमवारी भरू टेम्पोत."

वैशालीने जाळं उचललं आणि त्याची दांडी टाकीच्या कडेवर नुसती आपटली. टाकीतली निम्मी पिल्लं एका क्षणात आडवी झाली. पोटं वर, तोंडं उघडी, जणू कुणी बटण बंद केलं. थोड्या वेळाने काही वळवळली, सरळ झाली, पोहायला लागली. काही झाली नाहीत. वैशालीने ती गाळणीने उचलली आणि मातीत पुरली.

"रोज असंच," ती म्हणाली. "भांडं पडलं, दार वाजलं, की चक्कर. यांना पिशवीत भरून घाट उतरवला तर खाली एकही जिवंत पोचायचं नाही, मावशी. मागच्या दोन्ही खेपा अशाच गेल्या."

तेवढ्यात विहीणबाई आल्या. पुरलेल्या जागेकडे बघून त्यांनी तोंड फिरवलं. "आता ही शेवटची बारी," त्या मला म्हणाल्या. "माझ्या दारात रोज जीव मरत्यात. मला पाप न्हाई सोसत. ही जगली तर ऱ्हाऊ द्या, न्हाईतर टाक्या मोडायच्या. म्या तिला सांगितलंया."

टाक्या मोडल्या म्हणजे वैशालीला पुन्हा तळेगावच्या कंपनीत पॅकिंगला जावं लागणार, हे तिने मला फोनवर आधीच सांगितलं होतं. दोन वर्षं ती तिथे उभ्याने खोकी चिकटवत होती. त्या दिवसांबद्दल बोलताना तिचा आवाज अजून बदलतो.

त्या रात्री इंद्रायणीचा भात, पावट्याची आमटी आणि वर साजूक तूप. इंद्रायणी इतका मऊ शिजतो की आमच्या भातासारखा शीत-शीत सुटा होत नाही, पण वास असा की मी मासळीशिवाय तीन वेळा भात घेतला. घरी सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही.

सोमाटणे

खाद्याच्या पोत्यांवर सोमाटण्याच्या दुकानाचा शिक्का होता, म्हणून शनिवारी सकाळी वैशालीच्या स्कूटरवर मागे बसून तिथे गेलो. जुना हायवे, ट्रकची रांग, आणि दुकानात कोंबडीखाद्य, पशुखाद्य, मत्स्यखाद्य सगळं एका ओळीत. दुकानदार तिशीतला, फार गोड बोलणारा.

"खाद्यात खोट नाही, मावशी," तो म्हणाला. "रोहू-कटला हेच खातात, तिलापिया हेच खातो. धरणाकडचे सगळे माझ्याकडूनच नेतात."

"पण हे जिताडे आहेत," वैशाली म्हणाली. "म्हणून तर मी वरून तेल लावायला देते."

"मग तर स्निग्ध पदार्थ दुप्पट झाला! पिल्लं बारीक आहेत का?"

"नाही, जाडजूड आहेत."

"मग झालं तर. चरबी पोचतेय." त्याने हात झटकले. "हवेचा परिणाम असेल. टॉनिक देऊ का?"

मी विचार करू लागले. माणसाचं पोर उपाशी असलं की हाडकुळं दिसतं. ही तर बाळसेदार. मग यांना कमी काय पडतंय? पाण्यात खोट म्हणावी तर वैशाली रोज पाणी तपासते. टॉनिकची बाटली न घेता आम्ही परतलो. दुकानदाराने माझ्या हातावर फुकट कॅलेंडर ठेवलं. त्यावर कोंबडीचं चित्र होतं.

संध्याकाळी शेजारच्या बंगल्यात पाहुणे आले आणि त्यांनी डीजे लावला. पहिला ठोका पडला तशी वैशाली मागे धावली. मीही धावले. प्रत्येक ठोक्याला टाक्यांतली पिल्लं थरथरत होती आणि एकेक करून आडवी होत होती. विहीणबाई पदर खोचून, किल्ल्यांचा जुडगा घेऊन बंगल्यावर गेल्या. तिथे त्या काय बोलल्या देव जाणे, पण गाणं थांबलं. परत आल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, "म्हनलं, घरात बाळंतीन हाय."

मला हसूही आलं आणि गलबलूनही आलं. त्या टाकीच्या कडेला टेकल्या आणि पिल्लांशी बोलायला लागल्या. "उटा गं बायांनो. गेलं ते, गेलं." अशी माया करणारं माणूस घरात असताना ही मरतात कशी, हेच मला कळेना.

वलवण

रविवारी आम्ही वलवणला निघालो. तिथे धरणाजवळ एक निवृत्त सर राहतात. आयुष्यभर त्यांनी मत्स्यशास्त्र शिकवलं आणि आता भिंतीला टेकून पाण्याकडे बघत बसतात, असं वैशालीने ऐकलं होतं. दाखवायला म्हणून दोन पिल्लं मिठाच्या पाण्याच्या पिशवीत घेतली. पिशवी धरण्याचं काम माझ्याकडे.

रविवार आणि लोणावळा! गाड्यांना गाड्या चिकटलेल्या, चिक्कीच्या दुकानांसमोर माणसांचे घोळके, धुकं पाहायला आलेले लोक हॉर्न वाजवून धुक्यालाच बाजूला सारतायत असं वाटावं. हॉर्न वाजला की माझ्या पिशवीतली पिल्लं आडवी. मी पिशवी हलवायची, ती उठायची. गतिरोधक आला की पुन्हा आडवी. एका गाडीतल्या बाईंनी काच खाली करून विचारलं, "हे इथे कुठल्या दुकानात मिळतं?" मी म्हटलं, "विकायचे नाहीत, आजारी आहेत." त्यांनी काच वर केली.

सरांनी दार उघडलं, पिशवी बघितली आणि तिला टिचकी मारली. दोन्ही पिल्लं आडवी झाली. सर इतके खूश झाले की त्यांनी पत्नीला हाक मारून दाखवलं. मला असा राग आला म्हणता! पण चहा आला, सोबत गरम कांदाभजी आली, तेव्हा गप्प बसले.

"यांना स्निग्ध पदार्थ कमी पडतोय," सर म्हणाले.

"कसा कमी पडेल? अंगाला हात लावा, लोणी लागेल."

"तेल मिळतंय हो. पण यांना हवं ते तेल मिळत नाही." मग त्यांनी बरंच सांगितलं. त्यातलं मला कळलं ते असं. रोहू, कटल्यासारख्या गोड्या पाण्यातल्या माशाला साधं तेल द्या, त्यातून लागणारी चरबी तो स्वतःच्या अंगात तयार करतो. समुद्राच्या माशाला ते जमत नाही. त्याला ती तयारच पोटात जावी लागते. समुद्रात बारक्या मासळीतून आणि करंदी-कोळंबीतून ती मिळतेच, म्हणून बनवायचं कसब त्याच्या अंगात फारसं आलंच नाही. आणि लहान पिल्लाला ती सगळ्यात जास्त लागते. डोळे, मेंदू, मज्जातंतू सगळं तिच्यावर बांधलं जातं. ती नसली तर मासा वाढतो, जाड होतो, पण जरा घाबरला की मूर्च्छा येते. पंख लाल होतात.

"म्हणजे एकाच्या घरी दूध आणि विरजण आहे, तो दही लावतो," मी म्हटलं. "आणि दुसऱ्याच्या घरी विरजणच नाही, त्याला कितीही दूध ओता."

"अगदी बरोबर."

"पण जिताडा तर गोड्या पाण्यातही राहतो. आमच्याकडे पावसाळ्यात नदीत चढतो."

"राहतो. पण अंग समुद्राचंच."

सर वैशालीकडे वळले. "उपाय सोपा आहे. खाद्याला माशाचं तेल लावा."

"लावतो की, सर. पहिल्यापासून. रोज वाटीत मोजून, झाकून ठेवते मी. डबे संपतात."

सरांनी चष्मा काढला. पिशवीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. "मग मला माहीत नाही," ते म्हणाले.

झालं. इतक्या लांब येऊन शिकलेल्या माणसानेही हात टेकले. परतताना वैशालीची पाठ माझ्यासमोर होती, आणि ती रडतेय हे मला खांद्यांवरून कळत होतं. मी एका हाताने पिशवी आणि एका हाताने तिला धरून बसले. घराला पोचेपर्यंत पिशवीतलं एक पिल्लू गेलं होतं.

पुन्हा मळवली

सोमवारी सकाळी लवकर जाग आली. मागच्या पडवीत विहीणबाई परातीत खाद्य कालवत बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले. काहीतरी खटकत होतं आणि काय ते सापडत नव्हतं. परातीतून इतका छान वास येत होता की मला भूक लागली. आणि तिथेच माझ्या डोक्यात लख्ख पडलं. मी खाडीकाठची बाई. माशाच्या तेलाचा वास मला गावाच्या वेशीवरून येतो. या घरात तीन दिवसांत तो एकदाही आला नव्हता. पेरूच्या झाडावरचा माझा डबा सोडला तर.

"विहीणबाई, हे तेल कुठलं?"

"शेंगदान्याचं. घाण्याचं हाय, आमी घरात तेच खातो." त्या सहज म्हणाल्या. "ते डब्यातलं वंगाळ वासाचं तेल त्या लेकरांच्या तोंडी घालू व्हय? आन् माझी माळ हाय. नातीला जे घालते, तेच त्यास्नीबी."

"मग वाटीतलं तेल?"

"रानातल्या गोठ्यात म्हशींच्या अंगाला लावतो आमी. शेजारची बी नेत्यात. गोमाशी बसत न्हाई."

मागे काहीतरी पडल्याचा आवाज आला. वैशाली दारात उभी होती आणि पोरीचा डबा तिच्या हातातून सुटला होता. टाक्यांमध्ये पिल्लं आडवी झाली.

"आत्या, मला बोलला का नाही?" ती म्हणाली.

"तू विचारलं न्हाईस. माळकरनीच्या फुडं तू रोज ती वाटी ठेवतीस, म्या म्हनलं, पोरीच्या ध्यानात आलं नसंल. कशाला तिला लाजवायची."

"आणि मला वाटलं, तुम्ही बोलत नाही म्हणजे तुम्हाला चालतंय."

आमच्याकडे सासू-सुना दिवसातून तीनदा भांडतात आणि जेवायला एकत्र बसतात. इथे इतका मान ठेवलेला की दोन खेपा मातीत गेल्या. विरजणाचं आता मला सांगावंच लागलं. मी सरांसारखंच सांगितलं, जमेल तसं. विहीणबाई हात परातीत तसेच ठेवून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हंजी खाऊ घालून घालून उपाशी मारली म्या."

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत नव्हतं." ते त्यांनी ऐकल्यासारखं दिसलं नाही.

टेम्पो आला. ड्रायव्हरने पिशव्या आणि ऑक्सिजनची नळकांडी उतरवली. मी त्याला सांगितलं, माल आज भरायचा नाही. योग्य तेल मिळालं तर पिल्लं काही आठवड्यांत सावरतील, असं सरांनी सकाळीच फोनवर सांगितलं होतं. पण टाक्या तोवर राहणार का, ते विचारायची वैशालीची हिंमत होईना. माझीही होईना. विहीणबाई उठून टाकीपाशी गेल्या आणि माझ्याकडे पाठ करून त्यांनी विचारलं,

"तुमच्या तळ्यात गेल्यावर मोठी हुत्याल ही?"

"होतील. चांगली तीन-चार किलोची."

"आन् मंग?"

खोटं बोलावं असं मनात आलं. त्या डीजेवाल्यांना बाळंतीण सांगणाऱ्या बाईशी ते खपलंही असतं. पण जमलं नाही. "मग आम्ही खाणार," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, संपलं. आता टाक्या मोडायला सांगणार. यांनी का म्हणून माशाला मासा घालावा, तोही दुसऱ्याच्या ताटासाठी? त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, याचा मी त्या वेळी विचार केला आणि आजही करते.

"आत्या, तुम्ही राहू द्या," वैशाली कशीबशी म्हणाली. "मी पहाटे उठून कालवत जाईन."

"तुज्या हातचं ती खात न्हाईत," विहीणबाई म्हणाल्या. "वाटी आन."

वैशालीने वाटी आणली. वास सगळ्या पडवीभर पसरला. विहीणबाईंनी नवी परात घेतली, खाद्य ओतलं, वर ते तेल ओतलं आणि बसकण मारली. पण वाकल्या की माळ पुढे लोंबायची आणि परातीत टेकू बघायची. एकदा त्यांनी ती कोपराने मागे सारली, ती पुन्हा आली. हात तर दोन्ही भरायचे होते.

"विहीनबाई," त्या मला म्हणाल्या, "मागनं माळ धरा जरा."

मी पुढे झाले आणि थबकले. "अहो, माझे हात मासे खाणारे."

"धरा वो."

मी त्यांच्या मागे गुडघ्यांवर बसले आणि दोन बोटांत माळ मागे ओढून धरली. त्यांनी दोन्ही हात तेलात घातले आणि कणीक मळावी तसं खाद्य मळायला लागल्या. तोंड वाकडं झालं होतं, डोळ्यांत पाणी होतं, पण हात थांबले नाहीत. दारात टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, आणि सगळं खाद्य कालवून होईपर्यंत मी माळ सोडली नाही.